नववी-दहावीच्या मुलांशी ‘निरोगी नाती’ या विषयावर बोलायचं तर सुरुवात कुठून करावी?

बाई, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत या विषयाचे तास घ्यायचे आहेत, पण ‘पोरांना प्रेमाचे धडे देता काय’ म्हणत पालक अंगावर येतील, अशी धास्ती तुम्ही लिहिली आहे. मी बेळगाव भागातल्या शाळांत असेच तास घेते. माझं सरळ म्हणणं, प्रेमाचं नावच काढू नका, मैत्रीपासून धरा. नकार देणं, नकार ऐकून घेणं आणि भांडणानंतर पुन्हा बोलायला लागणं, एवढं मैत्रीत जमलं की पुढच्या सगळ्या नात्यांत ते कामी येतं. आणि मैत्रीवर बोलायला कुठला पालक नको म्हणेल?

पहिल्या तासाला व्याख्यान नको. प्रत्येकाला कोरा कागद द्या, त्यावर माणसाची नुसती आकृती काढायला लावा. मग विचारा, जिवाभावाच्या मित्राशी अबोला असतो त्या दिवशी अंगात कुठे काय होतं? तिथे खूण करा. पोटावर भरपूर खुणा येतात. कपाळावर, छातीवर येतात. कुणीतरी डोळ्यांपाशी ‘झोप नाही’ असं लिहून ठेवतं. मुलगे आधी खिदळतात, मग शेजाऱ्यापासून कागद झाकत तेही गुपचूप खुणा करतात. नात्याचा तब्येतीशी काय संबंध, हे त्या कागदावरच आलेलं असतं. तुम्ही फक्त कारण सांगायचं. दुरावा, अपमान हाही मेंदूला धोकाच वाटतो. मग ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, पचन बिघडतं, झोप उडते. दोन दिवसांनी बोलाचाली सुरू झाली की सगळं ठीक होतं. पण ज्या मैत्रीत रोजच धाकात राहावं लागतं, तिथे तब्येतीबरोबर अभ्यासाचाही बोऱ्या वाजतो.

याची दुसरी बाजू एका प्रयोगाने छान सांगता येते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेचा झटका बसू शकतो अशी सूचना दिली. नवऱ्याने हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाने धरला तेव्हाही झाली, पण तेवढी नाही. ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं, त्यांना आधार जास्त मिळाला. हा प्रयोग मोठ्या बायकांवरचा, तोही थोड्याच. मुलांना तसं स्पष्ट सांगा. पण पेपरच्या आधी मैत्रीण शेजारी उभी असली की धीर का येतो, हे त्यांना लगेच उमगतं.

आपल्याकडे खरा कस लागतो तो दहावीनंतर. मराठी माध्यमातली मुलं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात येतात. वर्गात इंग्रजी, ऑफिसात कन्नड, गावातली टोळी पांगलेली, सकाळी गर्दीच्या बसमध्ये लोंबकळणं. कित्येक घरांत वडील गोव्याला कामावर नाहीतर मिलिटरीत. अशा एकटेपणात जो पहिल्यांदा गोड बोलेल त्याच्यामागे पोरं जातात. म्हणून दहावीतच वहीत लिहून घ्या: रात्री जीव घाबरा झाला तर मी कुणाला सांगेन? दोन नावं, त्यातलं एक मोठ्या माणसाचं. ज्याचं पान कोरं राहील, त्याच्याशी सवडीने बोला, वर्गादेखत नको. (१ नोव्हेंबर, म्हणजे कन्नडिगांचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, जवळ आला की मोठ्यांचं कन्नड-मराठी भांडण मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही उतरतं आणि एका बाकावरची दोघं तोंड फिरवतात. तोही विषय टाळू नका.)

बिस्किटाचा रिकामा डबा ठेवून निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगा. ‘इन्स्टाचा पासवर्ड दे, नाहीतर आपली मैत्री संपली’ अशी चिठ्ठी हमखास येते. उत्तर तुम्ही देऊ नका. दोघींना पुढे बोलवा. एकीने म्हणायचं, ‘पासवर्ड नाही देणार, पण मधल्या सुट्टीत डबा बरोबर खाऊ.’ आता खरी परीक्षा दुसरीची. तिने रुसायचं नाही, टोमणा मारायचा नाही, इतरांना फितवायचं नाही, ‘बरं’ म्हणायचं. हे ‘बरं’ कुणाला जमत नाही, सगळा वर्ग हसतो. पुन्हा करायला लावा. मुलग्यांकडून तर जास्तच करून घ्या, कारण नाही ऐकायची सवय त्यांना घरात फारशी कुणी लावलेली नसते. ‘बघू’ म्हणजे हो नव्हे आणि गप्प राहणं म्हणजेही हो नव्हे, हे त्याच तासाला सांगून टाका.

एक पथ्य मात्र पाळा. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मुलांना देऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा आधीच सांगा, ‘जिवाला धोका असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला विचारल्याशिवाय गावभर होणार नाही.’ फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ ही चाइल्डलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस मदतवाहिनी कायम लिहून ठेवा. दोन्ही विनामूल्य आहेत.

राहिले पालक. तास सुरू व्हायच्या आधी एक सभा घ्या आणि तोच आकृतीचा कागद त्यांना द्या, प्रश्न फक्त बदला: घरात भांडण झालं की तुमचं काय दुखतं? मुलगे-मुलींना वेगळं बसवा अशी सूचना तिथे येईलच. पहिला तास वेगळा घ्यायला हरकत नाही, नकाराचा सराव मात्र एकत्रच घ्या.