टू बीएचके घ्यायचाच, पण वर्षभर थांबून

प्रश्न : आम्ही धायरीत वन बीएचकेमध्ये राहतो. त्याचं कर्ज नुकतंच फिटलं. दोघांचा हातात येणारा पगार १ लाख ५ हजार (मिस्टर ७० हजार, मी ३५ हजार, कंत्राटी), घरखर्च ५२ हजार, एफडी ७ लाख. हा फ्लॅट ४५ लाखांना विकून ९० लाखांचा जुना टू बीएचके घ्यावा का? मुलगी आठवीत आहे. मध्यमवर्गीयांना एवढंही परवडू नये?

ताई, म्हाडाच्या लेखी पुण्यात वर्षाला १२ लाखांवर कमावणारं कुटुंब ‘उच्च उत्पन्न गटा’त मोडतं, म्हणजे तुम्हीसुद्धा. ‘प्राइस’ या संशोधन संस्थेने मात्र २०२०-२१च्या किमती धरून वर्षाला ५ ते ३० लाख कमावणाऱ्या कुटुंबाला मध्यमवर्ग म्हटलं. एवढ्या मोठ्या पट्ट्यात कुणीही बसतं. मी एकच पाहतो : एक पगार थांबला तर घर किती महिने चालेल?

आज तुमचं घर एकट्या मिस्टरांच्या पगारावर चालतं. ही फार मोठी कमाई आहे. ४५ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण ३९ हजार. खर्च धरून महिन्याला ९१ हजार. तुमचं कंत्राट संपलं की दरमहा २१ हजारांचा खड्डा, आणि तो भरायला एफडी उरलेलीच नसेल. कारण पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. वर नोंदणीचे ३० हजार. दलाली, रंगरंगोटी वेगळीच.

म्हणून आत्ता सौदा करू नका. पुढच्या महिन्यापासून ३९ हजारांची आरडी सुरू करा, जणू हप्ता चालूच झालाय. वर्षात पावणेपाच लाखांच्या वर जमतील. एफडी शुल्कात गेली तरी पाचेक महिन्यांचा खर्च आणि हप्ता हाताशी राहील. शिवाय एवढा हप्ता झेपतो का, तेही कळेल. तोवर भाव चढतील ही भीती रास्त आहे; पण तुमचाही फ्लॅट चढेल. दोन्ही ५ टक्क्यांनी वाढले तर फरक सव्वादोन लाखांचा पडतो, आणि तेवढा मी सोसेन. दोघांचा टर्म विमा मात्र याच महिन्यात घ्या.

नवं घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ९० हजार वाचतात. पण जुना फ्लॅट मिस्टरांच्या नावावर असेल तर त्याच्या विक्रीचा नफा नव्या घरात गुंतवल्यावर मिळणारी आयकरातली सूट अडचणीत येऊ शकते. विसार देण्याआधी सीएंना हे नक्की विचारा.