फाइलींची शिस्त पहिल्या शॉटपासूनच लाव

ॲनिमेशन फिल्म करताना फोल्डरच्या रचनेचा फार विचार करत बसू नकोस. सीन, त्यात शॉट, आणि पात्रं, पार्श्वभूमी, आवाज वेगळे, एवढं पुरे. खरी गोम नावांत आहे. शॉटना ०१०, ०२०, ०३० असे दहाच्या टप्प्याने आकडे दे. एडिटमध्ये मध्येच नवा शॉट घुसतोच, तेव्हा ०१५ मोकळा असतो. व्हर्जनला व्ही००१, व्ही००२ असंच चढत जा. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात मुळीच नको. ‘फायनल_नवीन_खरंच’ कुठे जाऊन थांबतं, ते सगळ्यांनी पाहिलंय!

रेंडर, म्हणजे सॉफ्टवेअर सीनवरून तयार करतं ती अंतिम चित्रं, थेट व्हिडिओत काढू नकोस, पीएनजी किंवा ईएक्सआर या चित्र-फाइलींत एकेक फ्रेम काढ. दहा मिनिटांची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने १४,४०० फ्रेम्स. मशीन मध्येच बंद पडलं, तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

बॅकअपसाठी ३-२-१ चा नियम पाळ: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. क्लाउड सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे चुकून पुसलेलं तिथेही पुसलं जातं. जागा कमी पडली तर बॅकअपमधून रेंडर वगळ, ते पुन्हा काढता येतात. रिग (पात्र हलवायचा सांगाडा), ॲनिमेशनच्या मूळ फाइली आणि रेकॉर्ड केलेला आवाज वगळू नकोस.

आणि अधूनमधून बॅकअपमधला एखादा शॉट दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर लावलेली चित्रं) गायब दिसले, तर ब्लेंडर या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये पाथ रिलेटिव्ह आहेत का, म्हणजे चित्रांचे पत्ते प्रोजेक्टच्या फाइलपासून मोजलेले आहेत का, ते आधी तपास.