स्विफ्टचे ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल घरी बदलताना नेमकं काय अडतं?

तुमचा प्रश्न असा: पेट्रोल स्विफ्टचे पुढचे ब्रेक पॅड आणि इंजिन ऑइल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलायचं आहे, व्हिडिओत अर्ध्या तासात सगळं होतं, प्रत्यक्षात कुठे अडकायला होतं?

व्हिडिओतली गाडी बहुतेक वेळा आधी एकदा उघडलेली असते, तुमची सहा-सात वर्षांत कोणी नीट उघडलेली नसते. फरक तिथेच पडतो. पॅड बदलणं अवघड नाही. वेळ खातो तो न सुटणारा बोल्ट, आणि तो सापडतो तेव्हा गाडी जॅकवर असते. म्हणून माझा आग्रह एकच आहे, काम दोन बैठकींत करा. पहिल्या दिवशी नुसती चाचपणी: चाक काढायचं, प्रत्येक बोल्ट पाव फेरा सुटतो का ते बघून परत आवळायचा, आतले भाग बघायचे, फोटो काढायचे, चाक बसवून गाडी नेहमीसारखी वापरायची. पार्ट त्यानंतर आणायचे. पॅड आधी आणून रविवारी दुपारी काम काढलं आणि बोल्ट तुटला, तर स्पेअरची बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी सुरुवात केली तर निदान दिवस हातात राहतो.

पहिली अडचण चाकाच्या नटांपासूनच. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट गाडीबरोबर आलेल्या छोट्या टॉमीने हलत नाहीत. अर्धा इंच ड्राइव्हचा साधारण ६० सेंटिमीटरचा ब्रेकर बार आणि १९ मिमीचं सहा कोनी सॉकेट घ्या. पाना दुप्पट लांब झाला की तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ मिळतो. बारा कोनी सॉकेट स्वस्त सेटमध्ये सर्रास येतं, पण ते नटाच्या फक्त कोपऱ्यांवर धरतं आणि झिजलेल्या नटावर घसरतं. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करायचे, मग जॅक लावायचा. नट निघूनही चाक हबला चिकटलेलं असेल (मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत हे नेहमीचंच), तर जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नका. नट परत हाताने लावा, दोन फेरे ढिले ठेवा, गाडी खाली उतरवून थोडी हलवा. गाडीच्या वजनानेच गंजाची पकड सुटते. बसवण्याआधी हबचा तो भाग तारेच्या ब्रशने साफ करा.

जॅकबद्दल थोडक्यात पण ठामपणे: गाडीतला कात्री जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. खाली जॅक स्टँड लागलाच पाहिजे, विटा चालत नाहीत, त्या एका क्षणात फुटतात. पेव्हर ब्लॉक किंवा एप्रिल-मेमधल्या मऊ डांबरावर जॅकखाली १८ मिमी प्लायवुडचा तुकडा ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण, हँडब्रेक वर आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये.

आता ब्रेक. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनांचं ग्रीस सुकलं किंवा रबरी बूट फाटून पाणी गेलं की पिन जाम होते, आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजतो. चाचपणीच्या दिवशी दोन्ही पॅडची जाडी ताडून पाहा. ठळक फरक दिसला तर नुसते पॅड आणून भागणार नाही. पिन आणि बुटांचा किट, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस असं सगळं आणावं लागेल. साधं बेअरिंगचं ग्रीस इथे लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन काही महिन्यांत पुन्हा अडकते. बऱ्याच कॅलिपरमध्ये दोन पिना सारख्या नसतात, एकीला रबरी बाही असते. कोणती वर, कोणती खाली, याचा फोटो हवा. पॅडवरची, झीज झाली की आवाज करणारी पत्री कोणत्या बाजूला आहे तेही फोटोत येऊ द्या.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तशीच जोडलेली असली की शंका आली तर बघायला नमुना समोर असतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: दोन्ही कॅलिपर मोकळे असताना एका बाजूचा पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत दाबला, तर ब्रेक ऑइलच्या दाबाने दुसरा बाहेर येऊ शकतो. कॅलिपर निघालेला असताना कोणी पेडल दाबलं तरी तेच होतं, म्हणून किल्ली खिशात आणि घरातल्यांना सूचना. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन पूर्ण आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. इथे हमखास फसायला होतं. पॅड झिजत गेले तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली, आणि सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी ती वर भरून दिली. आता पिस्टन मागे गेला की ते जादा ऑइल झाकणातून उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग उचलतं. आधीच बिनसुईच्या सिरिंजने थोडं काढून घ्या. सांडलंच तर फडक्याने चोळत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं.

क्लॅम्प लावूनही पिस्टन हलत नसेल तर जोर वाढवू नका. ब्लीडर निपल (कॅलिपरवरचं, ब्रेकमधली हवा काढायचं तोंड) किंचित उघडून पाहिलं की निदान होतं. उघडल्यावर पिस्टन सहज गेला तर दोष कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे, बऱ्याचदा होज आतून बंद झालेली असते. तरीही हलला नाही तर पिस्टनच गंजून अडकला आहे, आणि कॅलिपर किट किंवा नवा कॅलिपर लागेल. मात्र निपल पोकळ असतं, गंजलेलं असेल तर मानेतून तुटतं. सहा कोनी सॉकेट वापरा, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि निपल उघडलं तर नंतर हवा काढावीच लागते हे धरून चला. विनाकारण त्याला हात लावू नये.

डिस्कच्या कडेला उंच ओठ आला आहे का, तेही पाहा. किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्निअरने मोजून ती संपत आली असेल तर नवे पॅड त्या डिस्कवर घालणं म्हणजे पैसे वाया.

सगळं बसल्यावर पहिलं पेडल थेट खाली जातं, कारण पिस्टन आणि पॅडमध्ये फट राहिलेली असते. इंजिन चालू करण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरून गाडी मागे घेतली तर पार्किंगची भिंतच तिला थांबवते. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, मध्ये अंतर ठेवून आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर त्याच्या समोरचा), टॉर्क रेंचने, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्याने आवळायचे. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या वर्षाच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

बोल्ट सुटत नसेल तर क्रम असा ठेवा. तारेच्या ब्रशने आटे साफ, स्प्रे रात्री एकदा आणि सकाळी एकदा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार नेमके ठोके, मग आधी किंचित आवळून नंतर सोडवणं, थोडं मागे थोडं पुढे. कोपरे गोल झाले असतील तर कानसून एक माप लहान सॉकेट ठोकून बसवता येतं. आग दाखवायची पद्धत गॅरेजमध्ये असते, पण रबर, ब्रेक ऑइल आणि पेट्रोलच्या शेजारी घरी ते करू नये. बोल्ट तुटलाच तर हातातल्या ड्रिलने ईझी-आउटचे (तुटलेला बोल्ट भोक पाडून बाहेर काढायच्या उलट्या आट्यांच्या हत्याराचे) प्रयोग करायच्या आधी थांबा. ईझी-आउट कडक पोलादाचा असतो. तो आत मोडला की साध्या ड्रिलने निघत नाही, आणि शंभर-दोनशे रुपयांचं काम आख्ख्या पार्टवर जातं. पार्ट सुटा होत असेल तर काढून लेथवाल्याकडे न्या. तुटलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून फिरवणं त्याला रोजचं असतं.

ऑइलचं काम सोपं, पण तिथे दोन गोष्टी वाट लावतात. पहिली, ड्रेन बोल्टचे, म्हणजे ऑइल सोडायच्या बोल्टचे आटे. आधीच्या माणसाने अतिजोर लावलेला असेल तर बोल्ट काढताना इंजिनखालच्या ऑइल चेंबरचे आटेही बाहेर येतात. म्हणून नवा वॉशर आणि नवा ड्रेन बोल्ट आधी आणून ठेवा, पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा, आणि अडला तर पाना लावू नका, काढून परत सरळ धरा. दुसरी, फिल्टरची जुनी रबरी रिंग. फिल्टर निघतो पण रिंग इंजिनला चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात आणि इंजिन चालू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. बसण्याची जागा फडक्याने पुसून बोटाने तपासा. नवी रिंग ऑइलने ओली करा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा पुरे. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी त्रास देतो. जाम फिल्टरमध्ये स्क्रू-ड्रायव्हर आरपार घालायचा सल्ला ऐकाल, त्याने डबा फाटतो आणि धरायला काही उरत नाही. पट्ट्याचा फिल्टर पाना आणा. एवढ्या इंजिनला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागतं. तीन ओतून डिपस्टिक पाहा, चार लिटरचा डबा रिकामा करू नका. निघालेलं ऑइल दुसऱ्या रिकाम्या डब्यात भरून गॅरेजला द्या, गटारात कधीच नाही.

पार्टबाबत: एकाच मॉडेलमध्ये वर्ष आणि व्हेरिअंटनुसार भाग बदलतात. पुण्याच्या नाना पेठेत असो वा गावातल्या दुकानात, "स्विफ्टचे पॅड द्या" एवढ्यावर थांबू नका. १७ अक्षरी चॅसी नंबर सांगा आणि जुना पॅड सोबत न्या. उष्णतेने ठिसूळ झालेल्या प्लास्टिक क्लिपा तुटणारच, पाच-दहा जादा आणून ठेवा.

मध्येच अडकलात तर उघडलेला ब्रेक घेऊन "हळू चालवत गॅरेजपर्यंत" नेऊ नका. चाक बसवा, गाडी चारही टायरवर उतरवा, सपाट ट्रॉलीवर नेणारी टोइंग मागवा, आणि तुटलेला बोल्ट सगळ्या वॉशर-नटांसह डबीत घालून मेकॅनिकला द्या, म्हणजे त्याला माप शोधत बसावं लागणार नाही.