प्लग कोणता घ्यावा आणि कधी फेकावा

थंडी पडली, गिझर सुरू झाले की प्लग तापल्याच्या तक्रारी यायला लागतात. प्रत्येक पत्रात ‘कोणत्या कंपनीचा घेऊ?’ हे असतंच. पिना कशाच्या आहेत, सॉकेट किती जुनं आहे, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. म्हणून काही प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न : जुन्या थ्री पिनवर ५ अँपिअर लिहिलंय, नव्या सॉकेटवर ६. चालेल का?

चालेल, पिनांचं माप तेच आहे.

प्रश्न : गिझरसाठी १६ अँपिअरचा प्लग हवा आहे. एक ६० रुपयांना, दुसरा १५० ला. दुकानदार म्हणतो, दोन्ही ‘हेवी ड्युटी’ आहेत. मग फरक कशाचा?

‘हेवी ड्युटी’ कुणीही छापू शकतो. ‘आयएसआय टाइप’ हीसुद्धा निव्वळ धूळफेक. खऱ्या आयएसआय शिक्क्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक असतो, प्लग आणि सॉकेटसाठी तो आयएस १२९३. खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका आणि उत्पादकाचं नाव व वस्तू जुळते का ते दुकानातच बघा.

मग पिनांना चुंबक लावा. पिना पितळेच्या हव्यात. पांढऱ्या चकचकीत असल्या तरी हरकत नाही, पितळेवर निकेलचा मुलामा देतात. पण चुंबक घट्ट चिकटलं तर आत लोखंड आहे. तो प्लग परत करा. बाथरूमजवळच्या दमट हवेत मुलामा उडाला की लोखंड गंजतं, आणि गंज विजेला अडवतो.

झाकण उघडून आतलेही स्क्रू बघा. वायर धरणारा स्क्रू नीट पिळला जातो की आटे लगेच घसरतात? केबल दाबून धरणारी पट्टी आहे का? स्वस्त प्लगमध्ये पहिली काटछाट या पट्टीवर होते. ती नसली की प्रत्येक हिसका थेट तारांच्या जोडावर येतो. जोडताना अर्थची हिरवी तार आत थोडी सैल ठेवतात, म्हणजे केबल ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यांत शेवटी सुटते. तारेच्या टोकाला सोल्डर लावून ते स्क्रूखाली दाबू देऊ नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड ढिला पडतो.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. हा सगळा विचार करून १५० चा प्लग आणाल आणि दहा वर्षांच्या ढिल्या सॉकेटमध्ये खुपसाल, तर पैसे वाया गेले. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर घेतो. पिन आणि सॉकेटची पट्टी यांच्यात नुसता पाव ओहमचा अडथळा आला, तरी त्या एका ठिपक्यावर जवळजवळ १९ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत छोटी सोल्डरिंग गन सुरू ठेवल्यासारखंच. आणि एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही! तिला फक्त वाढलेला करंट कळतो. इथे करंट वाढतच नाही. ‘एमसीबी आहे, मग काळजी कसली’ हे मी फार ऐकतो. ते चूक आहे. तापून सॉकेटच्या पट्टीचा ताण जातो, पकड आणखी सुटते, मग आणखी तापतं. चीर असलेल्या पिना स्क्रूड्रायव्हरने फाकवून बसवणं हा यावर उपाय नव्हे, चार दिवस ढकलणं आहे.

गिझर अर्धा तास चालवा, स्विच बंद करा, कोरड्या हाताने प्लगच्या अंगाला स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवा आणि प्लग, सॉकेट दोन्ही एकदम बदला.

प्रश्न : ‘युनिव्हर्सल’ एक्स्टेन्शन बोर्डावर इंडक्शन शेगडी चालवतो. सगळ्या प्रकारच्या पिना बसतात.

सगळ्या बसतात म्हणजेच एकही घट्ट बसत नाही. शेगडी थेट १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावा. तसा पॉइंट ओट्याजवळ नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

प्रश्न : जाड पिन बसत नव्हती, ती कापली. मिक्सर व्यवस्थित चालतो.

चालणारच. अर्थची पिन मिक्सर चालवण्यासाठी नसते, बॉडीत करंट उतरला तर तुम्हाला वाचवण्यासाठी असते. ती लांब असते ती सर्वांत आधी जुळावी आणि शेवटी सुटावी म्हणून. जाड असते ती फेजच्या भोकात जाऊ नये म्हणून. प्लग आजच बदला. घराला अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवली आहे का, हेही त्याच फेरीत तपासून घ्या. टू पिन घालताना अर्थच्या भोकात पेन्सिल किंवा टेस्टर खुपसून आतली झडप उघडणारेही बरेच आहेत. ती झडप लहान मुलांच्या बोटांसाठी आहे.

प्रश्न : मुलाने दुबईहून इस्त्री पाठवली. चौकोनी पिनांचा प्लग आहे. अ‍ॅडॉप्टर चालेल का?

व्होल्टेजची अडचण नाही. पण स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थ पुढे जोडलेलाच असेल याची खात्री नाही, आणि इस्त्रीला अर्थ हवाच. इस्त्रीवरचे वॅट बघा. १३८० च्या वर असतील तर १६ अँपिअरचा प्लग लावून घ्या, ६ चा नको. तपकिरी तार फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. त्या चौकोनी प्लगच्या पोटात केबलसाठी फ्यूज असतो, आपल्या प्लगमध्ये नसतो. म्हणून त्या पॉइंटची एमसीबी किती अँपिअरची आहे हे वायरमनला दाखवल्याशिवाय वापर सुरू करू नका.

प्रश्न : गिझरचं सॉकेट एका बाजूने पिवळं पडलंय, मासळीसारखा वास येतो. मार्चमध्ये रंगकाम आहे, तेव्हाच बदललं तर चालेल?

नाही. तो वास तापलेल्या प्लास्टिकचा आहे आणि मागची तारही भाजली असण्याची शक्यता आहे. गिझरची एमसीबी आत्ता खाली करा. परवानाधारक माणसाकडून सॉकेट, प्लग बदला आणि तार चांगली दिसेपर्यंत मागे कापून घ्या. तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा.