‘वंचित करणे’, ‘हिरावून घेणे’ आणि ‘बेदखल करणे’

प्रश्न असा: कायद्याच्या मजकुरातल्या ‘मालमत्तेपासून वंचित करणे’मध्ये अन्याय गृहीत आहे का? त्याजागी ‘हिरावून घेणे’ किंवा ‘बेदखल करणे’ चालेल का?

मुळात संस्कृत ‘वञ्च्’ म्हणजे फसवणे, ‘वंचना’ त्यातलीच. कायद्याच्या मराठीत मात्र फसवणुकीचा अर्थ उरलेला नाही. माणसाकडे असलेली वस्तू वा हक्क त्याच्याकडे राहिला नाही, एवढंच हा शब्द सांगतो. ते रास्त की गैर, हे शेजारचे शब्द ठरवतात. ४४व्या घटनादुरुस्तीने (१९७८) आलेला अनुच्छेद ३००-अ बघा. कायद्याने दिलेल्या अधिकाराखेरीज कुणाला मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. म्हणजे तसा अधिकार असला तर करता येतं. इथे ‘हिरावून घेणे’ घालून वाचा, लगेच खटकेल. त्या शब्दात जबरदस्ती आणि दोषारोप आधीच भरलेले आहेत. तक्रारीत तो शोभतो, व्याख्येत नाही.

‘बेदखल’ वेगळा. यातली ‘दखल’ म्हणजे ताबा, ‘दखल घेणे’मधली नव्हे. बेदखल झालेल्याचा ताबा जातो, मालकी शाबूत असू शकते. हा फरक कागदी नाही. स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३च्या कलम ६ खाली, संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून स्थावराचा ताबा काढून घेतला, तर सहा महिन्यांत दावा लावून तो परत मागता येतो. मालक कोण, हा वाद तिथे आड येत नाही. सरकारविरुद्ध मात्र या कलमाखाली दावा चालत नाही.

‘जप्ती’चाही असाच घोळ होतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या निकालाच्या) अंमलबजावणीत घर जप्त झालं की घरमालक लगेच रस्त्यावर येतो असं नाही. ते विकायला किंवा त्यावर बोजा चढवायला मनाई होते. मालकी जाते ती घराचा लिलाव होऊन कोर्टाने तो कायम केल्यावर. ‘सरकारजमा’मध्ये मात्र वस्तू सरकारचीच होते.

आणखी एक: ‘वंचित’ म्हणजे कायमचंच असंही नाही. आपल्याकडे चोरीच्या गुन्ह्याला वस्तू कायमची नेण्याचा इरादा लागत नाही. दुसऱ्याची सायकल अप्रामाणिकपणे, न विचारता चार दिवस वापरून परत ठेवली, तरी चोरी होऊ शकते.

लिहिताना चूक होते ती इथे: ‘त्याची जमीन वंचित केली’. वंचित होतो माणूस, जमीन नव्हे. ‘त्याला जमिनीपासून वंचित केलं’ असं लिहावं.