कोलंबस, इंडियानामध्ये बहुतेकांकडे आरोग्य विमा आहे म्हणे. मग तिकडे जाताना निर्धास्त राहायचं का?

तुम्ही लिहिलंय की यजमानांची बदली पुण्याहून कोलंबसला होते आहे, सोबत पाच वर्षांची मुलगी आहे, आणि तिथल्या विम्याची टक्केवारी वाचून जरा हायसं वाटलं. मी त्या गावात चार वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

हे ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण ७० किलोमीटरवरचं छोटं शहर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५०,४७४. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं गाव म्हणतात. पण इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथेच, त्यामुळे कोथरूडहून थेट इथे उतरलेली इंजिनिअर मंडळी भरपूर. किराणा घेताना मागून "अगं, मेथी मिळाली का?" असं ऐकू आलं तर दचकू नका. शिवाय जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत, आणि गाव संपलं की मका आणि सोयाबीन.

आता ती टक्केवारी. ती येते जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून. ६५,००० पेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणांचे बहुतेक आकडे त्यात एकेका वर्षाचे देत नाहीत, पाच वर्षांचे एकत्र करून देतात. म्हणजे एखाद्या वर्षी नोकरकपात होऊन शे-दोनशे घरांचा विमा गेला, तरी तो खड्डा त्या आकड्यात बुजून जातो. आणि प्रश्न एवढाच असतो, विमा आहे का आणि असला तर कुठून मिळालेला. विमा कसा आहे, हे तिथे कळत नाही.

माझंच बघा. मी एका मध्यस्थ कंपनीतर्फे कंत्राटावर होतो, शेजारच्या टेबलावरचा मित्र कायम नोकरीत. दोघंही पुण्याचे, काम तेच, डबाही बरेचदा वाटून खायचो. सर्व्हेत दोघंही 'नोकरीतून मिळालेला खासगी विमा' याच रकान्यात. पण माझा डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी हात लावायच्या आधी स्वतःच्या खिशातून भरायची वर्षाची रक्कम, त्याच्या तिप्पट होता. त्याला ताप आला की तो डॉक्टरकडे जायचा. मला ताप आला की मी आधी क्रोसिन घ्यायचो आणि सोमवारची वाट बघायचो.

नोकरी आणि विम्याची ही गाठ दुसऱ्या महायुद्धातली. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्या विमा देऊ लागल्या, पुढे त्याला करसवलतही मिळाली. आज देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा विमा नोकरीतूनच येतो. ६५ च्या पुढे मेडिकेअर हा सरकारी विमा. कमी उत्पन्नाला मेडिकेड ही सरकारी योजना, ज्याची इंडियानातली प्रौढांसाठीची योजना 'हेल्दी इंडियाना प्लॅन', २०१५ मध्ये बरीच वाढवलेली. २०२३ साली देशभरात विमा नसलेले साधारण ८ टक्के होते. ते मुख्यतः कामाच्या वयातले. छोट्या दुकानात, हॉटेलात, छपरांच्या कामावर असणारे, आणि त्यात लॅटिनो लोकांचं प्रमाण जास्त. माझे केस कापणाऱ्या बाईंकडे विमा नव्हता. मुलांना सरकारी योजनेतून होता, त्यांना स्वतःला नाही. इमर्जन्सीत कुणालाही तपासून स्थिर करायचं, असा १९८६ चा कायदा आहे. पण त्यानंतर बिल घरी येतंच.

बिलावरून आठवलं. मुलगा बाथटबमध्ये घसरला, हनुवटीला तीन टाके पडले. पंधरवड्याने विमा कंपनीचं पाकीट आलं. बायकोने आतला आकडा वाचला आणि मला ऑफिसात फोन, "अहो, आपण गाडी विकूया का?" संध्याकाळी घरी येऊन बघतो तर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'धिस इज नॉट अ बिल'. दवाखान्याने किती मागितले, कंपनीने किती मान्य केले आणि आपल्या वाट्याला किती, एवढाच त्यात हिशेब असतो. खरं बिल नंतर वेगळं येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवायचे आणि मगच पैसे भरायचे. आपल्या कॅशलेस मेडिक्लेमची सवय असलेल्याला हे पहिलं वर्ष जडच जातं.

तर यजमानांना एचआरकडे विचारायला सांगा: विमा पहिल्या दिवसापासून लागू की महिनाभराने? डिडक्टिबल माणशी किती, कुटुंबाला किती? वर्षात जास्तीत जास्त किती खिशातून जाऊ शकतात? आणि तुमचा हप्ता पगारातून किती कापणार? २०२४ मध्ये कंपनीकडच्या कुटुंब-विम्याचा सरासरी खर्च वर्षाला २५,५७२ डॉलर होता, त्यातले ६,२९६ कर्मचाऱ्याच्या पगारातून जात होते. तुमचा आकडा याच्या आसपास आहे की कुठे भलतीकडेच, ते ताडून बघा. डॉक्टर निवडताना 'तुम्ही आमचा विमा घेता का' एवढं विचारू नका, 'आमच्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये', म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांत, 'आहात का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. तिथे आणखी एक बाळ झालं तर ३० दिवसांत पॉलिसीत नाव घाला. जागरणात तारीख सहज निसटते.

आई-बाबा येतील तेव्हा त्यांचा प्रवास विमा वेगळा घ्यायचा. बीपी-शुगर असेल तर 'आधीपासूनचे आजार' हे कलम दोनदा वाचा, बहुतेक सगळी गोम तिथेच असते.

आणि दातांचा विमा बहुधा वेगळा असतो, रूट कॅनाल निघालं तर तो पुरतही नाही. दाढेचं काही राहिलं असेल तर निघायच्या आधी पुण्यातच उरकून घ्या.