कमी खर्चाचे झोंबीपट पाहण्यात एवढी मजा का येते?
अमेरिकेतील ड्राइव्ह-इन (गाडीत बसूनच चित्रपट पाहण्याच्या) चित्रपटगृहांत चालणारे स्वस्तातले झोंबीपट, म्हणजे पुन्हा उठून चालू लागलेल्या प्रेतांचे भयपट, आजही आवडीने का पाहिले जातात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पैशांची चणचण हेच त्यांचे बळ आहे. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ मधील ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १,१४,००० डॉलरांत, पेनसिल्व्हेनियातील एका जुन्या शेतघरात कृष्णधवल फिल्मवर चित्रित झाला, आणि रंग दिसणारच नसल्यामुळे रक्त म्हणून चक्क चॉकलेट सिरप वापरता आले. बातमीपटासारख्या खरखरीत दृश्यांमुळे त्यातील भीती उलट अधिक खरी वाटते. (गंमत म्हणजे, त्यात ‘झोंबी’ हा शब्द कोणीच उच्चारत नाही.) चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळाली, त्यामुळे अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीचा, म्हणजे कोणालाही परवानगीशिवाय दाखवता येण्याजोगा, झाला आणि वर्षानुवर्षे सर्वत्र दाखवला गेला.